रव्याच्या डब्यातलं कार्ड

हॉटेलात अदलाबदल झालेल्या बँकेच्या कार्डाबद्दल एका वाचक ताईंचं पत्र आलंय, ते लांबलचक आहे. त्यातला गरजेपुरता भाग त्यांच्याच शब्दांत देतो. ओळख पटेल अशा खुणा त्यांच्या परवानगीने पुसल्या आहेत. सोमवारी अकरा वाजता त्यांना पोलीस ठाण्यात बोलावलंय, म्हणून उत्तर शनिवारीच मेलने पाठवलं. इथे येतंय ते तेच.

*काका, नमस्कार. मी ४१ वर्षांची, तालुक्याच्या गावात राहते, पतसंस्थेत कॅशियर आहे. दोन रविवारांपूर्वी आम्ही हॉटेलात जेवायला गेलो होतो. मशीनला रेंज नाही म्हणून वेटर माझं कार्ड काउंटरवर घेऊन गेला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचंही त्याच फेरीत नेलं. परत आणताना अदलाबदल झाली असणार. दोघांची बँक एकच, कार्ड तसंच निळं. माझं कार्ड दिवाळीत शाखेतून हातोहात मिळालेलं, त्यावर नाव छापलेलं नाही. त्यांचंही तसंच.*

*सोमवारपासून मी ते कार्ड वापरत होते. किराणा १,८६५, बेकरी २४०, मुलाचे शाळेचे बूट १,२९९, रविवारचा महिन्याचा माल २,४१०, डेअरी ५२०. सगळं टॅप करून, पिन कुठेच लागला नाही. ड्युटीवर मोबाइल ड्रॉवरमध्ये असतो, त्यामुळे मेसेज येत नाहीत हे लक्षातच आलं नाही. मंगळवारी सकाळी पेट्रोल पंपावर ३०० रुपये दिले आणि पावतीवर शेवटचे चार आकडे दिसले. ते माझे नव्हते. दुपारी सासऱ्यांच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, ८६० रुपये, तेही त्याच कार्डाने झाले. मग मात्र मी घाबरले.*

*गुरुवारी हवालदारांचा फोन आला. मेडिकलवाल्याकडे बिलावर माझं नाव आणि नंबर होता. आजोबांच्या मुलाने पुण्याहून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय. मिस्टर म्हणतात, कार्ड कापून टाक आणि रस्त्यात पडलेलं मिळालं असं सांग. कार्ड सध्या रव्याच्या डब्यात आहे. त्या रात्रीनंतर माझ्या खात्यातून एक पैसाही गेलेला नाही. नोकरी जाईल का? अटक होईल का? आणि घरात आम्ही एकमेकांची कार्डं वापरतो, तेही गुन्ह्यात बसतं का?*

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नाशी अडलो. तुमचं स्वतःचं कार्ड कुठे आहे? चार पानांत त्याबद्दल अवाक्षर नाही.

अदलाबदल झाली असेल तर ते आजोबांच्या पाकिटात आहे. ते कार्ड क्वचितच वापरत असतील, म्हणून तुमच्या खात्याला धक्का लागलेला नाही. म्हणजे एक काम आज, हे वाचता वाचताच करायचं. अॅपवरून किंवा बँकेच्या हेल्पलाइनवरून तुमचं कार्ड बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पण नुसतं बंद करून थांबू नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तोच प्लास्टिकचा तुकडा आहे. रस्त्यात कार्ड सापडलेल्या माणसाचं स्वतःचं कार्ड मूळ मालकाच्या पाकिटात कसं जाईल? ‘माझं कार्ड त्यांच्याकडे आहे, कृपया पाहावं आणि जबाबात त्याची नोंद घ्यावी’, हे वाक्य सोमवारी तुमच्या तोंडून गेल्या गेल्या निघायला हवं. बाकी सगळं नंतर.

आणि आता तुमच्या मिस्टरांनी सुचवलेली गोष्ट त्याच्या शेजारी ठेवून बघा. ‘रस्त्यात मिळालं’ म्हणालात की हा पुरावा तुम्ही आपल्या हाताने निकालात काढलात. हॉटेलच्या मशीनमध्ये त्या रात्रीचे दोन व्यवहार काही मिनिटांच्या अंतराने नोंदलेले आहेत, एक तुमच्या खात्यावर, एक त्यांच्या. ती नोंद तुमची साक्षीदार आहे. खोटं सांगितलंत तर तीच उलटी साक्ष देईल. कार्ड कापलंत तर पुरावा नष्ट करण्याचं कलम वेगळं लागतं, भारतीय न्याय संहितेत ते २३८ आहे. तुमच्या मिस्टरांना तुमची काळजी आहे हे कळतंय मला. पण त्यांचा सल्ला ऐकू नका.

कार्ड डब्यातून काढा, रवा झटका, पाकिटात घाला, वर तारीख लिहा. पुसून चकाचक करू नका आणि फेकूही नका.

आता मंगळवार.

तुम्ही नऊ दिवसांचा हिशेब रुपयांसकट दिलाय, कॅशियरला शोभेल असा. बेकरीचे २४० सुद्धा सुटले नाहीत. पण मंगळवारी दुपारपाशी तुमची भाषा बदलते. आधी ‘मी वापरत होते’, ‘मी दिले’, आणि गोळ्यांच्या वेळी ‘त्याच कार्डाने झाले’. झाले नाहीत ताई, तुम्ही केलेत. हे मी तुम्हाला बोल लावायला सांगत नाही. कायदा नेमका याच जागी वळतो, म्हणून सांगतोय.

देवळाबाहेर दुसऱ्याची चप्पल पायात घालून घरी आलात तर ती चूक. घरी आल्यावर कळलं की ही आपली नाही, आणि तीच घालून बाजारात गेलात, तर तिला चूक म्हणता येत नाही. न्याय संहितेचं कलम ३१४, म्हणजे जुन्या भारतीय दंडविधानातलं ४०३, अप्रामाणिकपणे दुसऱ्याची मालमत्ता वापरण्याबद्दल आहे. त्याखालचं पहिलंच उदाहरण जवळजवळ तुमचंच आहे. एक माणूस दुसऱ्याची वस्तू आपलीच समजून, सद्भावनेने घेतो. ती चोरी नाही. पण चूक कळल्यानंतर तो अप्रामाणिकपणे ती स्वतःसाठी वापरतो, तर या कलमाखाली तो दोषी. ‘मी नंतर देणारच होते’ हा बचावही पूर्ण चालत नाही, कारण थोड्या वेळापुरता केलेला अपहारही अपहारच, असं स्पष्टीकरण त्याच कलमाला जोडलेलं आहे. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, शिवाय दंड. पोलीस माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-सी काढू शकतात, दुसऱ्याची ओळख-खूण वापरल्याचं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण तिथेही ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ हे शब्द आहेत. दोन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत.

म्हणजे तुमच्या ७,४९४ रुपयांचे दोन ढीग होतात. ६,६३४ आणि ८६०. पहिला ढीग निव्वळ चुकून झालेला आहे, आणि तो तसा दाखवता येतो. दुसरा लहान आहे. पण तुम्ही तो पहिल्यात मिसळायला गेलात तर पहिलाही नासेल.

पहिल्या ढिगासाठी काय न्यायचं ते सांगतो. तुमच्या खात्याचा तीन महिन्यांचा उतारा काढा. त्याच किराणा दुकानात, त्याच डेअरीत, जवळपास तेवढ्याच रकमा दर आठवड्याला तुमच्या कार्डाने गेलेल्या दिसतील आणि बरोबर त्या रविवारनंतर त्या थांबलेल्या दिसतील. किराण्याच्या बिलावर तुमचा मोबाइल नंबर असेल तर ती बिलं घ्या. मेडिकलच्या बिलावर तर तुमचं नावच आहे. दुसऱ्याचं कार्ड हाणायला निघालेला माणूस काउंटरवर स्वतःचं नाव आणि नंबर सांगून बिल घेत नाही. हवालदारांना हे माहीत असतं, तरी कागद समोर असलेला बरा. हॉटेलमध्ये आजच जाऊन या. सीसीटीव्हीचं चित्रण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ‘हे जपून ठेवा, पोलीस मागतील’ असं मालकाला लेखी द्या आणि त्याची पोहोच घ्या. त्या वेटरला धारेवर धरू नका. त्याची साक्ष लागणार आहे. आणि खरं सांगू का, मशीन टेबलापर्यंत येत नसेल तर कार्डामागे आपण चालत जायचं असतं. आपण सगळेच बसून राहतो.

पिन का लागला नाही, हे तिथे कुणी विचारलं तर: ५,००० रुपयांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा दोन हजारांवरून पाच हजारांवर नेली. तुमचा एकही व्यवहार त्याच्या वर नाही. एखादं बिल सहा हजारांचं असतं तर पहिल्याच दिवशी मशीनने ‘चुकीचा पिन’ म्हणून तुम्हाला घरी पाठवलं असतं आणि हे पत्र आलंच नसतं.

दुसऱ्या ढिगाबद्दल मात्र एकट्याने काही बोलू नका. वकील सोबत न्या. पैसे नसतील तर तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. सोमवारी सकाळी आधी तिथे जा, आणि लागलाच तर वकिलामार्फत एक दिवस मागून घ्या. वकिलाला पेट्रोलची पावती आणि औषधाचं बिल दोन्ही दाखवा. दोन्हींवर वेळ छापलेली असते. मंगळवारचं काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचं ते त्यांच्याबरोबर ठरवा. माझं म्हणणं एवढंच, की खोटं सांगू नका. ‘पावती पाहिलीच नव्हती’ हे वाक्य तोंडात आलं तर गिळा. सकाळी लक्षात आलं, दुपारी पाकिटात रोख नव्हती, फोनची बॅटरी गेली होती, असं जे काही खरं असेल ते. स्वतःला गुन्हेगारही म्हणवून घेऊ नका. वेळ आणि कारण द्या, विशेषणं त्यांना लावू दे.

आणि मला उगाच एक शंका आहे, ती बोलून टाकतो. आजोबांच्या मुलाच्या मोबाइलवर नऊ दिवस मेसेज जात होते आणि तो गप्प होता. आई-वडील काहीतरी घेत असतील, असं त्याला वाटलं असणार. मेडिकलचा मेसेज आल्यावर तो उठला. बहुधा त्यांच्या गोळ्या तो स्वतः पुण्याहून पाठवत असेल. तसं असेल तर तुमची सगळी गोष्ट त्या ८६० रुपयांनीच उघडी पाडली.

अटकेचं म्हणाल, तर सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलंय. आधी हजर राहण्याची लेखी नोटीस देतात, आता ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली. ती मागा. बोलावल्यावर हजर राहणाऱ्या, पत्ता कायम असलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला या रकमेसाठी कोठडीत बसवायला कुणालाही सबळ कारण लागेल. कोऱ्या कागदावर सही नको. जबाब वाचून घ्या, चुकलेला शब्द खोडून घ्या, मगच सही.

एक खबरदारी. गुरुवारचा फोन खरा आहे याची खात्री केलीत ना? मेडिकलचं नाव घेतलं म्हणजे बहुतेक खराच. पण तुमच्यासारखी घाबरलेली माणसं हेच हल्लीच्या भामट्यांचं गिऱ्हाईक असतं. फोनवर कुणीही ‘प्रकरण मिटवू, या क्यूआरवर टाका’ म्हणालं किंवा व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवू लागलं, तर ठेवून द्या. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. ठाण्यात पायाने जा.

आता पैसे. सगळे ७,४९४ द्यायचे, ढीग न करता. पण हातात रोख नको, आणि कुणा ‘मध्यस्था’मार्फत तर मुळीच नको. तुमच्या खात्यातून आजोबांच्या खात्यात, शेऱ्यात ‘चुकून वापरलेल्या कार्डाची रक्कम’ असं लिहून. त्याआधी मात्र एक फोन त्यांच्या बँकेला करायला त्यांना सांगा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलं, की ग्राहकाने अनधिकृत व्यवहाराची तक्रार केली की बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम त्याच्या खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. म्हणजे बँकेने आधीच पैसे टाकले आणि तुम्हीही टाकलेत, तर आजोबांकडे दुप्पट येतील आणि नंतर बँक ते परत घेईल. घोळ नको. दुसरी बाजूही बघा. तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत आली तर ग्राहकाला भुर्दंड नाही, पुढे सातव्या दिवसापर्यंत त्याच्यावर थोडा भार, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. इथे पहिला मेसेज सोमवारचा आणि तक्रार थेट पुढच्या आठवड्यातली, मंगळवारच्या मेसेजनंतरची. कदाचित आजोबांना किराण्याचे १,८६५ बँकेकडून मिळणारही नाहीत. मुलगा चिडलाय तो का, हे यावरून कळेल. शिवाय १९३० वर तक्रार गेली की ज्यांच्याकडे पैसे गेले त्यांच्या खात्यात तेवढी रक्कम अडकवली जाऊ शकते. तुमचा डेअरीवाला आणि बूटवाला यात नाहक गोवले जातील. म्हणून घाई करा.

आजोबांशी बोलायचं का, असं तुम्ही विचारलं नाहीत. मी बोलायचं म्हणेन, पण पोलीस ठाण्यात किंवा वकिलासमोर. परस्पर घरी गेलात तर दबाव टाकायला आली असं मुलाला वाटेल. जमलं तर एवढंच बोला: ‘काका, त्या रात्री आपली कार्डं बदलली. तुमचं कार्ड हे. माझं तुमच्याकडे आहे. इतके दिवस मला कळलं नाही, आणि कळल्यावर एकदा वापरलं, त्याबद्दल माफी मागते. हे पैसे.’ पहिल्या वाक्यात माफी नको. आधी काय घडलं ते त्यांना समजू दे. गुन्हा नोंदलाच तर तो आपसात मिटवायचा की नाही, यात त्यांच्या शब्दाला वजन असेल.

बँकेत ३३ वर्षं काढली मी. काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये सापडलेल्या कार्डांचा रबर लावलेला गठ्ठा असायचा. एटीएममध्ये विसरलेली, बसमध्ये मिळालेली. आणून देणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलायचा, ‘वापरलं नाही हं मी.’ निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एक रिक्षावाला आला, कार्ड ठेवलं, त्यावर शंभराची नोट ठेवली आणि म्हणाला, ‘साहेब, पंपावर आपलं समजून टॅप केलं, मग दिसलं.’ पावतीही दिली. ती नोट कोणत्या खात्यात कशी घ्यायची यावर आमचा अर्धा तास गेला. त्याचं नाव मात्र कुणालाच लिहून घ्यावंसं वाटलं नाही.

नोकरीचं. नुसत्या चौकशीबद्दल संस्थेला सांगायची सक्ती तुमच्या सेवानियमांत आहे का ते बघा. नसेल तर आज गप्प राहिलात तरी चालेल. पण गुन्हा नोंदला गेला, तर त्याच दिवशी व्यवस्थापकांना कागदांसकट तुम्हीच सांगा. तालुक्याच्या गावात ही बातमी दुपारच्या चहापर्यंत पोचते, आणि कॅशियरबद्दल ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली वाईट.

राहिली पत्रातली शेवटची शंका, घरातल्या कार्डांची. परवानगीने वापरलंत तर पोलीस येणार नाहीत. पण कार्ड अहस्तांतरणीय असतं, बँकेच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. बंगळुरूत २०१३ मध्ये एका बाळंतिणीने नवऱ्याला स्वतःचं कार्ड आणि पिन देऊन एटीएमला पाठवलं. २५,००० निघाल्याची पावती आली, नोटा आल्या नाहीत. ग्राहक मंचाने २०१८ मध्ये निकाल बँकेच्या बाजूने दिला. कारण काय, तर पिन दुसऱ्याला दिला. तेव्हा सोमवारी तुमच्याऐवजी मिस्टर बँकेत जाऊन नवं कार्ड घेऊन येतो म्हणाले, तर नको म्हणा. तुम्हीच जा, आणि यावेळी नाव छापलेलं मागा. आठवडा लागेल. तोवर रोखीने भागवा.